फोन दिसला की कार्ड

हॉस्पिटलात तिला सगळे निवेदनबाई म्हणायचे. आधी पाठीमागे म्हणायचे, पण असली नावं किती दिवस पाठीमागे राहतात? एक दिवस लिफ्टमध्ये तोंडावरच आलं, आणि तिनंही ते फार मनाला लावून घेतलं नाही. काम तेच होतं ना तिचं. हॉस्पिटलच्या पेजवर कुणी एक तारा ठोकून 'इथे माणसं मारतात' असं लिहिलं, की त्याखाली 'आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल आम्हांला मनापासून खेद आहे' असं लिहिणारी ती. कुणी पाच तारे दिले तर आभार मानणारीही तीच. त्यामुळे दिवसभर फोन हातात. जेवताना डावा हात फोनवर, जिना चढताना नजर फोनवर, आणि कुणी समोर येऊन बोलायला लागलं तर अंगठा तेवढा चालूच.

तिचे वडील म्हणायचे, "तुझं काम काय, तर भिंतीला ओल दिसली की वरून रंग द्यायचा."

म्हाताऱ्याला ओल ओळखता यायची. त्यांची सगळी नोकरी लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचण्यात गेली होती. मीटर अडवून ठेवणारी, मधूनच चोरून पाइप जोडणारी आणि दारात मात्र हसून "या, चहा घ्या" म्हणणारी माणसं त्यांनी इतकी पाहिली होती, की चहा विचारणाऱ्यावरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला होता. संशय त्या घरात नाकासारखा होता, बापाकडून पोरांना जसाच्या तसा मिळालेला.

तर हे वडील आता तिच्याच हॉस्पिटलच्या आयसीयूत होते. दमा जुनाच होता, त्यात न्यूमोनिया झाला. आणि थोरला मुलगा, म्हणजे तिचा दादा, जहाजावर इंजिनिअर. जहाज परदेशातल्या कुठल्याशा बंदरात मालासाठी थांबलं होतं. तिथून सुटलं की पुढचं बंदर येईपर्यंत नुसतं पाणी.

दादा रोज एकच विचारायचा, "खरं काय ते सांग. उतरू का? आत्ता उतरलो तर पोचेन. पण उगाच उतरलो तर कंपनी मला पुन्हा दारात उभं करणार नाही."

आणि वडील जागे असले की मास्कच्या आतून एकच विचारायचे. "दादा?"

प्रश्न दोन्हीकडून एकच होता आणि उत्तर तिनं आणायचं होतं. तिला वाटलं, त्यात काय मोठंसं? मी इथलीच. डॉक्टरांना विचारीन आणि दादाला सांगीन.

आता थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मध्यंतरी एका तरुण डॉक्टरनं एका आजीच्या नातेवाइकांना जवळ बसवून समजावलं होतं, की त्यांचं शरीर आता थकलंय, त्यांना आणखी त्रास होईल असं आम्ही आता काही करणार नाही. भाच्यानं फोनवर ते टिपलं. नेटवर आलं तेव्हा सुरुवातीचा भाग कुणीतरी छाटून टाकला होता आणि शेपूट तेवढं उरलं होतं. 'आम्ही आता काही करणार नाही.' झालं. डॉक्टरचा थकलेला चेहरा आणि खाली हे वाक्य. गावभर फिरलं, गावाबाहेर फिरलं, ज्यांनी कधी हॉस्पिटल पाहिलंही नव्हतं त्यांनी शिव्या घातल्या. स्वागतकक्षाची काच फुटली. तो डॉक्टर नोकरी सोडून गेला. त्याच्या आईला बाजारात लोक ओळखून टोमणे मारायचे म्हणे.

व्यवस्थापनाचं धाबं दणाणलं. तेव्हा निवेदनबाईंनी कार्ड काढलं. ओळखपत्राच्या मागेच अडकवायचं, बोटभर लांबीचं. 'रुग्णाची प्रकृती स्थिर आहे.' 'उपचारांना मिळणाऱ्या प्रतिसादावर आमचं बारकाईनं लक्ष आहे.' 'आमचं पथक सर्वतोपरी प्रयत्न करत आहे.' अशी चार गुळगुळीत वाक्यं, कुठूनही कापली तरी रक्त न येणारी. मग तिनं सगळ्यांना सभागृहात बसवून नियम घालून दिला. नातेवाइकाच्या हातात फोन दिसला, टेबलावर दिसला, खिशातून डोकावताना जरी दिसला, तरी कार्ड. कार्डाबाहेर एक अक्षर नाही. आणि फोनवरून कुणी विचारलं तर कार्डच, पलीकडे कोण आहे देव जाणे.

मागून कुणीतरी विचारलं, "आणि फोन नसेल तर?"

"मग तुमचा विवेक," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

आयसीयूच्या दाराशी पेटी बसवली ती तिनंच. फोन पेटीत, मग माणूस आत. खोटं कशाला बोला, युक्ती लागू पडली. त्यानंतर एकाही डॉक्टरची नोकरी गेली नाही, तारे वाढले, बाईंना पुष्पगुच्छ मिळाला. तिला त्याचा अभिमान होता आणि तो काही उगाच नव्हता.

पहिल्या दिवशी दुपारी ती माहिती कक्षात गेली. डॉक्टर नातेवाइकांना भेटतात ती खोली. एक टेबल, चार खुर्च्या, कोपऱ्यात प्लास्टिकचं रोप. आयसीयूचे थोरले डॉक्टर समोर. तिच्या हातात अर्थातच फोन.

"प्रकृती स्थिर आहे," डॉक्टर म्हणाले.

तिला हसू आलं. "डॉक्टर, मलाच काय कार्ड वाचून दाखवताय? माझंच आहे ते."

डॉक्टरांनी तिच्या हाताकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. "बारकाईनं लक्ष आहे आमचं," ते म्हणाले आणि उठले.

इथं तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. आता तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली बाई, तिला कळू नये? नाही कळलं. नियम बाहेरच्यांसाठी होता आणि ती आतली. आपण घातलेलं कुंपण आपल्यालाच अडवेल असं कुणाला वाटतं? शिवाय हातातला फोन तिला दिसतच नव्हता. नाकावरचा चष्मा दिसतो का कुणाला?

तिला वेगळंच दिसायला लागलं. ती काउंटरशी गेली की सिस्टरांचं बोलणं थांबायचं. मोठ्या सिस्टर, ज्या एरवी तिला थांबवून सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या, त्या फाइल मिटून छातीशी धरायच्या आणि "मॅडम, डॉक्टर सांगतील ना" म्हणायच्या. वडिलांच्या मानेतली नळी काल उजवीकडे होती, आज डावीकडे. उजवीकडे काळानिळा डाग. पहिल्या दिवशी वडिलांजवळ असलेली तरुण सिस्टर एकाएकी दिसेनाशी झाली. "ती कुठाय?" तर म्हणे रजेवर. एकाएकी रजा? कुठंतरी पाणी मुरत होतं. तिनं ते ओळखायला नको? मीटर वाचणाऱ्याची मुलगी होती ती.

त्यात हॉस्पिटलच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि वर चहाही विचारला. तिथंच ती सावध झाली.

"पेजचं काम थोडे दिवस दुसऱ्या कुणाला देऊ," साहेब म्हणाले. "तुम्ही आता नातेवाईक आहात. आणि, म्हणजे सहज विचारतो, घरच्या ग्रुपवर वगैरे काही टाकत नाही ना तुम्ही?"

"टाकण्यासारखं काही आहे का, साहेब?"

"छे छे. नसणारच. आपलं सहज."

सहज! त्या केबिनमध्ये सहज कुणी विचारत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ज्या प्रकरणात काही असतं तिथंच हा प्रश्न येतो. कितीदा तिनं स्वतः तो विचारला होता.

घरी जाऊन तिनं काय करावं? स्वतःच्याच हॉस्पिटलचे रिव्ह्यू वाचायला बसली. सगळे एका ताऱ्याचे. हेच तिनं कधीकाळी वाचून, मान हलवून, 'खेद आहे' लिहून खाली ढकलले होते. 'नळी चुकीची घातली आणि आम्हांला पत्ता लागू दिला नाही.' 'विचारलं की स्थिर स्थिर म्हणतात.' तेव्हा तिला वाटलं होतं, दुःखात माणूस काहीही लिहितो. आता एकेक अक्षर खरं वाटायला लागलं. आपण इतकी वर्षं कशावर रंग देत होतो, असं मनात आलं आणि ते काही केल्या जाईना.

तिनं दादाला लिहिलं, 'नळी चुकलीय असं वाटतंय.' दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'डॉक्टर काहीतरी लपवताहेत.' आणि मधल्या वेळी दादानं विचारलं की डॉक्टर म्हणतात काय, तर तेही लिहायची, 'म्हणतात प्रकृती स्थिर.' दादा बिचारा इंजिनच्या घरघरीत उभा राहून हे वाचायचा आणि कपाळाला हात लावायचा.

मग तिनं ठरवलं, आता पुरावाच घ्यायचा. माहिती कक्षात गेल्या गेल्या फोन टेबलावर ठेवला, रेकॉर्डिंग चालू करून, पडदा वर. लाल टिंब लुकलुकतंय. म्हणाली, "डॉक्टर, आता सांगा."

डॉक्टरांनी त्या टिंबाकडे असं पाहिलं, जसं माणूस अंथरुणावरच्या विंचवाकडे पाहतो. "आमचं पथक सर्वतोपरी प्रयत्न करत आहे," ते म्हणाले. शब्द न शब्द, न अडखळता. मग खुर्ची मागे सरकवून निघून गेले. ती तिथंच बसून राहिली. चोर सापडला याची तिची खात्रीच पटली.

ज्या संध्याकाळी जहाज सुटायचं होतं त्याच संध्याकाळी ती भेटीच्या वेळेला आत गेली. फोन पेटीत टाकला. वडील झोपलेले होते. मशीनचा आकडा वर जायचा, खाली यायचा, आणि खाली आला की जरा जास्तच थांबायचा. ती उशाशी उभी राहून बाहेर निघाली, तर आतल्या बेसिनपाशी थोरले डॉक्टर हात धूत होते. त्यांनी वर पाहिलं. आधी तिच्या उजव्या हाताकडे, मग डाव्या.

"फोन?"

"पेटीत."

डॉक्टरांनी नळ बंद केला. हात पुसले नाहीत, तसेच ओले धरून म्हणाले, "भावाला बोलवून घ्या. आजच निघू दे."

तिनं मागं वळून वडिलांच्या पलंगाकडे पाहिलं.

"फुप्फुसं थकलीत. औषध बदलून पाहिलं, प्रतिसाद नाही. थोडे दिवस आहेत, फार नाहीत. मी पहिल्या दिवसापासून सांगायला बघतोय."

"बघताय?" ती म्हणाली. "रोज समोर बसत होते मी तुमच्या."

"रोज तुमच्या हातात फोन होता. काल तर रेकॉर्डिंग लावलंत." डॉक्टरांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तो जो पोरगा नोकरी सोडून गेला ना, तो माझा विद्यार्थी. मी शिकवलं होतं त्याला, नातेवाइकांशी खरं बोलावं, जवळ बसून बोलावं. मग तुमचा नियम आला. तो मला पटला, बाई. अजून पटतो. मला तुमची भीती वाटली, एवढंच."

"आणि ती नळी?"

"जुनी जागा सुजली, म्हणून बदलली. नेहमीचं आहे."

"ती सिस्टर?"

"तिच्या मुलीला गोवर आलाय."

म्हणजे काहीच नव्हतं. कुणी काही चुकवलं नव्हतं, कुणी काही चोरलं नव्हतं. तिला वाटलं, चूक असती तर बरं झालं असतं. चुकीवर तुटून पडता येतं. इथं तुटून पडायचं कुणावर? तेवढ्यात कुणीतरी डॉक्टरांना हाक मारली, कुणाचा तरी श्वास अडकला होता, आणि ते ओल्या हातांनीच धावले.

तिनं पेटीतून फोन काढला आणि काउंटरशी उभं राहूनच दादाला लावला. मागे साखळ्यांचा खडखडाट ऐकू येत होता.

"दादा, उतर. बाबा जाताहेत. थोडेच दिवस आहेत, डॉक्टरांनी आत्ता सांगितलं."

मग दादा म्हणाला, "परवा म्हणालीस नळी चुकली. काल म्हणालीस लपवताहेत. आज सकाळी लिहिलंस प्रकृती स्थिर. आता म्हणतेस जाताहेत. अगं, मी कशावर विश्वास ठेवू?"

"ते सगळं चुकलं माझं. हे खरं आहे."

"मग बाबांना दाखव. व्हिडिओ लाव."

"आत फोन नेता येत नाही."

"असं कुणी ठरवलं?"

तिची नजर पेटीकडे गेली.

"बरं, डॉक्टरांना दे," दादा म्हणाला. "जहाजाचा जिना उचलायला लागलेत इथं. कॅप्टनला काहीतरी ठाम सांगायला हवं मला. कुणाला तरी दे. तू सोडून कुणालाही."

डॉक्टर आत होते, एका माणसाच्या छातीवर वाकलेले. काउंटरवर मोठ्या सिस्टर होत्या. तिनं फोन स्पीकरवर टाकून त्यांच्यापुढे धरला. "सिस्टर, माझा भाऊ आहे. त्याला सांगा बाबांचं. खरं ते सांगा."

सिस्टरांनी फोनकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग छतावरच्या कॅमेऱ्याकडे. त्यांचा हात आपोआप ओळखपत्राकडे गेला.

"सिस्टर, अहो, मी सांगतेय ना. माझा नियम आहे, मीच मोडतेय."

"हॅलो?" दादाचा आवाज आला. "सिस्टर? कसे आहेत वडील?"

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण तोंडातून निघालं ते पाठच झालं होतं. "रुग्णाची प्रकृती स्थिर आहे. उपचारांना मिळणाऱ्या प्रतिसादावर आमचं बारकाईनं लक्ष आहे."

"देवा," दादा म्हणाला, आणि त्यानं सोडलेला सुस्कारा इकडं स्पष्ट ऐकू आला. "ऐकलंस? जीवच काढला होतास माझा."

"दादा, ते खरं नाही. ते कार्डावरचं आहे. मी लिहिलंय ते, मी. सगळ्यांना तेच म्हणतात."

"तू लिहिलंस," तो म्हणाला. रागानं नाही, दमून. "मग तुझं नेमकं कुठलं धरू मी? तू झोपली नाहीयेस, अगं. थोडी झोप काढ. पुढच्या बंदराला लागलो की पहिलं विमान धरतो, शब्द देतो." साखळ्या पुन्हा वाजल्या, कुणीतरी परक्या भाषेत त्याला हाक मारली, आणि फोन बंद झाला. तिनं परत लावला. मग परत लावला. रेंज गेली होती.

सिस्टर हाताच्या पालथ्या बाजूनं डोळे पुसत होत्या. "ताई, पलीकडे कोण आहे ते मला काय ठाऊक," त्या म्हणाल्या. "मागे असंच भाऊ म्हणून कुणी फोन केला होता आणि दुसऱ्या दिवशी आमच्या एकीचा आवाज सगळीकडे वाजत होता. माझ्या पगारावर घर चालतं. तुम्हीच शिकवलंत ना."

"हो," ती म्हणाली. "मीच शिकवलं." आणि तिला त्या बाईचा राग येईना. स्वतःचाही येईना, त्याला पुढे आयुष्य पडलं होतं.

तिनं फोन पेटीत टाकला आणि पुन्हा आत गेली. भेटीची वेळ केव्हाच संपली होती, पण तिला कुणी अडवलं नाही. वडील जागे होते. डोळे दाराकडे.

"दादा?" मास्कच्या आतून आलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. निघालाय, बाबा. वाटेत आहे, पोचेलच. असली वाक्यं तिला झोपेत सुचायची, पोट त्यांच्यावर होतं तिचं. म्हाताऱ्याला काय कळणार होतं?

"येत नाही, बाबा," ती म्हणाली. "जहाज सुटलं. मी त्याला बोलावलं, पण त्याला माझं खरं वाटलं नाही."

वडिलांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, पूर्वी मीटरच्या काचेवर वाकून पाहायचे तसं. मग बोटांनी मास्क जरासा उचलला.

"मी जातोय का?"

"हो, बाबा."

"हं." श्वास घेतला. पुन्हा घेतला. "इथं सगळे माझ्याशी पाहुण्यासारखं बोलतात. वाटलंच मला."

तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तेही मोठ्यानं, आणि तिनं ते आवरलं नाही.

"तुझं खरं वाटतंय," वडील म्हणाले. "बस आता."

आयसीयूत नातेवाइकांना बसायला काही नसतं. ती पलंगाची कड धरून उभी राहिली. मागून पावलं आली. मोठ्या सिस्टर काउंटरवरचं स्वतःचं स्टूल उचलून घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते तिच्या मागं ठेवलं, पडदा ओढला आणि निघून गेल्या.